सत्र संपल्याचे सर्व्हरने ओळखावे कसे?

मालेगावच्या एखाद्या कापडपेढीत बसून मुंबईतल्या सर्व्हरवर सुताचा, बीमांचा आणि ताग्यांचा हिशेब लिहिणारा मुनीम आपले काम आटोपून उठतो, तेव्हा तो रीतसर निरोप घेऊनच उठतो असे नाही. किंबहुना बहुधा तो निरोप न घेताच उठतो. कधी तो ब्राउझरची खिडकी मिटून टाकतो, कधी फोन खिशात घालून मोसम पुलाच्या दिशेने चालू लागतो, तर कधी वीज जाते आणि संगणकाबरोबर पेढीतला राउटरही त्याच क्षणी बंद पडतो; आणि या तिन्ही प्रसंगी दूरच्या सर्व्हरपाशी पोहोचते ते केवळ मौन. वेबवर चालणारी हिशेबाची, अर्जांची किंवा साठ्याची सॉफ्टवेअरे लिहिणारे तरुण आता आपल्या तालुक्याच्या गावांतूनही आढळतात, आणि त्यांच्यापुढे कधी ना कधी हा प्रश्न उभा राहतोच, की वापरकर्त्याचे सत्र, म्हणजे ज्याला ते सेशन म्हणतात ते, संपले हे सर्व्हरने जाणावे कसे. या प्रश्नाचे उत्तर शोधताना बहुतेक जण आपल्या प्रोग्रामिंगच्या भाषेत किंवा चौकटीत, म्हणजे फ्रेमवर्कमध्ये, ‘सत्र संपले’ अशी वर्दी देणारी एखादी सोय आहे काय, याचा तपास करू लागतात. अशी सोय पुष्कळ ठिकाणी असते. परंतु तिच्यावर सर्व मदार ठेवून उभारलेली व्यवस्था कुठे ना कुठे दगा देते, हे माझे निश्चित मत झाले आहे, आणि त्याची कारणे व त्यावरचा मार्ग सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

मूळ अडचण वेबच्या घडणीतच आहे. १९९१ च्या सुमारास टिम बर्नर्स-ली यांनी सिद्ध केलेल्या एचटीटीपीच्या पहिल्या रूपात ब्राउझरने एक मागणी करावी, सर्व्हरने एक दस्तऐवज द्यावा आणि जोडणी तोडावी, एवढाच व्यवहार होता. मागणी करणारा पूर्वी येऊन गेला होता की नाही, याची स्मृती त्या संकेतात नव्हती आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांतही ती आलेली नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९४ साली नेटस्केपमध्ये लू मॉन्टुली यांनी कुकीची युक्ती काढली: सर्व्हरने ब्राउझरला एक खुणेचा क्रमांक द्यायचा, ब्राउझरने प्रत्येक मागणीसोबत तो परत दाखवायचा, आणि त्या क्रमांकाखाली सर्व्हरने आपल्या दप्तरात हवी ती माहिती जपायची. म्हणजे सत्र ही वस्तू मुळात दोन यंत्रांमध्ये ताणलेला धागा नसून सर्व्हरच्या दप्तरातली एक नोंद आहे. नोंद सर्व्हर उघडतो आणि मिटवतोही सर्व्हरच. समोरचा माणूस निघून गेला म्हणून ती आपोआप मिटत नाही. एचटीटीपीच्या पुढच्या आवृत्तीत एकच जोडणी अनेक मागण्यांसाठी उघडी ठेवण्याची सवलत आली खरी, पण त्या जोडणीचे आयुष्य आणि सत्राचे आयुष्य यांचा परस्परांशी काही संबंध नाही, आणि जोडणी तुटली यावरून सत्र संपले असा निष्कर्ष काढणे सर्वस्वी चुकीचे आहे.

या बाबतीत संगणकशास्त्राच्या कितीतरी आधी कायद्याने जो विचार करून ठेवला आहे, तो प्रत्येक प्रोग्रामरने एकदा तरी मनापासून वाचावा असे मला वाटते. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या १०८ व्या कलमात, जे २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात १११ वे कलम होऊन आले आहे, अशी तजवीज आहे की, एखादा मनुष्य हयात असता तर ज्यांना त्याची खबर स्वाभाविकपणे लागली असती, अशांना सात वर्षांत त्याच्याविषयी काहीच कळलेले नसेल, तर तो हयात आहे हे शाबीत करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर जातो. येथे कायदा मृत्यू पाहिल्याचा दावा करीत नाही. तो मौनाला एक मुदत घालतो आणि मुदत उलटल्यावर गृहीतक बदलतो. त्याहून मोलाची गोष्ट अशी, की आयुर्विमा महामंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्पष्ट केले, की या कलमाने मृत्यूचे गृहीतक मिळते, मृत्यूच्या वेळेचे मिळत नाही. तो माणूस केव्हा वारला हे ज्याला सांगायचे असेल त्याने ते स्वतंत्र पुराव्याने सिद्ध केले पाहिजे. सत्राचेही नेमके असेच आहे. आपल्याला खात्रीने ठाऊक असते ती शेवटची मागणी आल्याची वेळ, आणि आपण ठरवतो ती मौनाची मुदत. या दोहोंच्या मध्ये वापरकर्ता केव्हा उठून गेला हे सर्व्हरला कळलेले नसते आणि कळणारही नसते. सत्राची समाप्ती हा एक निर्णय आहे, हे एकदा मान्य केले म्हणजे पुढची बांधणी पुष्कळ सोपी होते.

निर्णय घ्यायचा तर तो कशासाठी घ्यायचा, हे प्रथम ठरवले पाहिजे, आणि येथेच अनेकांची गफलत होते, कारण एकाच मुदतीने सगळी कामे साधण्याचा त्यांचा प्रयत्न असतो. कापडपेढीचेच उदाहरण पुढे चालवू. मुनिमाने एक बिल दुरुस्तीसाठी उघडले की दुसऱ्या कोणी त्याच वेळी त्यात फेरफार करू नये म्हणून त्या बिलावर कुलूप पडते. वीज गेली तर ते कुलूप दोन-चार मिनिटांत सुटले पाहिजे, नाहीतर गोदामातला माणूस माल लादलेला ट्रक दारात उभा करून खोळंबून राहील. त्याच पेढीच्या मालकाला आत्ता किती जण कामावर आहेत याचा अंदाज हवा असतो. तेथे पाच-दहा मिनिटांचे कमीअधिक चालते. तिसरी बाब सुरक्षिततेची, म्हणजे उठून गेलेल्या माणसाच्या नावावर दुसऱ्याने बसू नये याची; तेथे पंधरा किंवा तीस मिनिटांची मुदत योग्य ठरेल. आणि चौथी, अर्धवट भरलेल्या अर्जाच्या तात्पुरत्या फायली केव्हा टाकून द्यायच्या. तेथे एक-दोन दिवस थांबले तरी कोणाचे काही बिघडत नाही, उलट थांबणेच इष्ट. या चार कामांना चार वेगळ्या मुदती हव्यात, आणि त्या चारही मुदती सत्राच्या एकाच नोंदीवरून, म्हणजे तीत लिहिलेल्या शेवटच्या हालचालींच्या वेळांवरून, मोजता येतात.

पाचवे एक काम आहे, ते मात्र करूच नये असे मी आग्रहाने सांगेन. काही मालक लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतचा काळ मोजून त्यावरून कारकुनाची हजेरी आणि पगार काढू पाहतात. लाखाहून अधिक मागांच्या या गावात मजुरी मीटरवर किंवा ताग्यावर मोजण्याची सवय आहे, म्हणून कदाचित हिशेबनिसाचे कामही यंत्राच्या आकड्यावर मोजावे असे कोणाला वाटत असेल. परंतु तागा मोजणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतो, आणि सत्राचा शेवट कोणाच्याही डोळ्यांसमोर नसतो. वीज गेल्यामुळे किंवा सर्व्हर पुन्हा सुरू केल्यामुळे मध्येच तुटलेल्या सत्राचा तोटा माणसाच्या पगारातून कापला जाणे हा उघड अन्याय आहे, आणि तो घडवून आणणारा प्रोग्राम आपल्या हातून लिहिला जाऊ नये. मालकाने मागितला तरी त्याला हा आकडा या कामासाठी का अयोग्य आहे हे समजावून सांगणे, हा आपल्या व्यवसायाचाच भाग आहे.

आता निरनिराळ्या चौकटी काय देतात ते पाहू. जावामध्ये सर्व्हलेटच्या २.३ या आवृत्तीपासून एचटीटीपी-सेशन-लिसनर नावाची सोय आहे. सत्र निर्माण झाल्यावर एक आणि नष्ट होताना एक अशा दोन वर्द्या ती देते. नष्ट होण्याची वर्दी २.४ पासून सत्रातली माहिती पुसण्यापूर्वी मिळते, त्यामुळे कोणाचे सत्र होते हे तेव्हा वाचता येते. टॉमकॅटमध्ये मूळ मुदत तीस मिनिटांची असते, पण मुदत उलटताच वर्दी येते असे नाही: मागे चालणारी प्रक्रिया दर दहा सेकंदांनी जागी होते आणि तिच्या दर सहाव्या फेरीला मुदतबाह्य सत्रे शोधली जातात, म्हणजे वर्दीला मिनिटभराचा उशीर सहज होतो. येथे एक खाचही ध्यानात ठेवावी, की रचनेच्या फायलीत मुदत मिनिटांत लिहायची असते आणि प्रोग्राममधून देताना ती सेकंदांत द्यायची असते. तीस मिनिटांच्या इच्छेने तीस सेकंद दिले गेल्याची उदाहरणे विरळा नाहीत. एएसपी डॉट नेटच्या जुन्या परंपरेत सेशन-एंड नावाची घटना होती, परंतु सत्रे त्याच प्रक्रियेच्या स्मृतीत ठेवली असतील तरच ती घडते. सत्रे वेगळ्या सर्व्हरवर किंवा डेटाबेसमध्ये नेली की ती मुकी होते, आणि प्रक्रिया पुन्हा सुरू झाली तर स्मृतीतली सत्रे जातात आणि वर्दीचा भरवसा राहत नाही. नव्या एएसपी डॉट नेट कोअरमध्ये ती घटना ठेवलेलीच नाही, आणि मला तो निर्णय प्रामाणिक वाटतो.

पीएचपीची तऱ्हा आणखी निराळी. तेथे मूळ मुदत १४४० सेकंदांची, म्हणजे चोवीस मिनिटांची आहे. पण मुदत संपलेल्या नोंदी झाडून काढण्याचे काम कोणत्याही मागणीत सत्र सुरू होईल तेव्हा, तेही शंभरात एकदा अशा संभाव्यतेने, होते. ज्या संकेतस्थळावर दिवसाकाठी थोडीच माणसे येतात, तेथे मुदत उलटलेली नोंद तासन्‌तास पडून राहू शकते, आणि आपल्या छोट्या गावांतल्या पेढ्यांची संकेतस्थळे बहुधा अशीच असतात. डेबियन आणि उबुंटूवर ही संभाव्यता शून्यावर आणून साफसफाई दर अर्ध्या तासाने चालणाऱ्या स्वतंत्र कामाकडे सोपवलेली असते. ते काम केवळ फायली पुसते, तुमच्या प्रोग्रामला काही कळवत नाही. जँगोमध्ये मूळ मुदत दोन आठवड्यांची असून मुदतबाह्य नोंदी काढण्यासाठी वेगळी आज्ञा वेळोवेळी आपणच चालवावी लागते, आणि ‘वापरकर्ता बाहेर पडला’ हा तिथला संकेत केवळ स्वतःहून लॉगआउट करणाऱ्यांसाठी आहे. मौनाने गेलेल्यांसाठी तिथे कोणताही संकेत नाही.

सत्रे रेडिसमध्ये ठेवून, मुदत संपल्याची वर्दी रेडिसनेच द्यावी अशी व्यवस्थाही पुष्कळ जण करतात. ती मोहक आहे, परंतु तिच्या तीन मर्यादा जाणून घ्याव्यात: ही वर्दी मूळ रचनेत बंद असते व ती मुद्दाम चालू करावी लागते, ती मुदत संपण्याच्या क्षणी नव्हे तर रेडिस ती नोंद प्रत्यक्ष पुसतो तेव्हा निघते, आणि ऐकणारा त्या क्षणी जागेवर नसेल तर ती पुन्हा दिली जात नाही. वर्दी पोहोचली तरी तोवर नोंदीतला मजकूर गेलेला असतो, हाती उरतो तो फक्त क्रमांक. अशा वर्दीवर कुलूप सोडणे किंवा पैशाचा व्यवहार रद्द करणे अवलंबून ठेवणे म्हणजे एकदाच वाजणाऱ्या घंटेवर सगळा कारखाना सोपवणे होय.

म्हणून माझी शिफारस अशी, की चौकटीच्या वर्द्या मिळतील तेवढ्या घ्याव्यात, पण प्रमाण मानावी ती आपली स्वतःची नोंदवही. डेटाबेसमध्ये सत्रांचे एक कोष्टक ठेवा आणि त्यात सत्राचा क्रमांक (मूळ क्रमांक न ठेवता त्याचे हॅश केलेले रूप ठेवावे, म्हणजे कोष्टक कोणाच्या हाती पडले तरी चालू सत्रे चोरीला जाणार नाहीत), वापरकर्ता, सुरुवातीची वेळ, माणसाने केलेल्या शेवटच्या व्यवहाराची वेळ, यंत्राने आपणहून पाठवलेल्या शेवटच्या ठोक्याची वेळ, सत्र बंद केल्याची वेळ आणि बंद करण्याचे कारण, एवढे रकाने असू द्या. माणसाच्या व्यवहाराची आणि यंत्राच्या ठोक्याची या दोन वेळा वेगळ्या ठेवण्याचे कारण महत्त्वाचे आहे. आजकालची पाने दर अर्ध्या मिनिटाने स्वतःच सर्व्हरकडे ताजी माहिती मागत असतात. त्या प्रत्येक मागणीने मुदत पुढे ढकलली गेली, तर पान उघडे ठेवून माणूस जेवायला गेला तरी त्याचे सत्र दिवसभर जिवंत राहते आणि सुरक्षिततेची मुदत निरर्थक होते. यंत्राच्या ठोक्याने बिलावरचे कुलूप लांबावे, कारण पान अजून उघडे आहे एवढे तो सांगतो. सत्राची सुरक्षा-मुदत मात्र माणसाच्या हालचालीनेच लांबली पाहिजे.

प्रत्येक मागणीला डेटाबेसमध्ये वेळ लिहिणे जड वाटत असेल, तर शेवटची लिहिलेली वेळ मिनिटाहून जुनी असेल तेव्हाच नवी लिहावी. मुदतीत मिनिटभराचा फरक पडेल, तो चालतो. यानंतरचा नियम असा, की सत्र जिवंत आहे की नाही हे कोणी ते झाडून काढले की नाही यावर अवलंबून ठेवू नये. प्रत्येक मागणीच्या वेळी शेवटची हालचाल आणि आत्ताची वेळ यांतील अंतर तपासावे आणि मुदत उलटली असेल तर, नोंद कोष्टकात उघडी दिसत असली तरी, सत्र मेलेले मानावे. मग झाडणारी प्रक्रिया उशिरा आली, एखादे वेळी आलीच नाही, तरी सुरक्षिततेला बाध येत नाही. तिचे काम उरते ते नोंदी नीट मिटवण्याचे आणि त्यामागून येणारी कामे करण्याचे.

ही झाडणारी प्रक्रिया दर मिनिटाला चालवावी, आणि तिची आज्ञा अशी लिहावी की, ज्या ओळीत बंद केल्याची वेळ अजून रिकामी आहे आणि शेवटची हालचाल मुदतीच्या मागे पडली आहे, तीच ओळ त्या एकाच आज्ञेत बंद व्हावी. आधी यादी काढून मग एकेक ओळ बंद करण्याच्या पद्धतीत, यादी काढल्यानंतर आणि ओळ बंद होण्यापूर्वी मुनिमाने एखादी कळ दाबली तर त्याचे जिवंत सत्र मारले जाते. अट आणि बदल एकाच आज्ञेत असले म्हणजे हा घोटाळा टळतो, आणि दोन सर्व्हरांवर दोन झाडण्या एकदम चालल्या तरी एक सत्र दोनदा बंद होत नाही. बंद झाल्यावर करायची कामे, म्हणजे कुलपे सोडणे, तात्पुरत्या फायली काढणे, कोणाला सूचना पाठवणे, ही दुसऱ्यांदा केली तरी नुकसान होणार नाही अशा रीतीने लिहिलेली असावीत, कारण मध्येच सर्व्हर पडला तर ती पुन्हा करावी लागणारच. आणि कारणाचा रकाना कधीही मोकळा सोडू नये: स्वतःहून बाहेर पडला, मौनाची मुदत उलटली, एकूण मुदत संपली, दुसरीकडून पुन्हा प्रवेश केला, व्यवस्थापकाने काढले, असे स्पष्ट शब्द तेथे असावेत. सहा महिन्यांनी तंटा उभा राहतो तेव्हा हाच रकाना कामी येतो.

घड्याळ सर्व्हरचेच धरावे, वापरकर्त्याच्या यंत्राचे नव्हे, आणि अनेक सर्व्हर असतील तर वेळ डेटाबेसची घ्यावी. या बाबतीत आपल्याकडे शासकीय निर्देशही आहे: सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार यंत्रणांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा तिच्याशी जुळलेल्या स्रोताशी, मिळवलेली असावी लागतात आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. वेळ साठवताना ती जागतिक प्रमाणवेळेत साठवावी हे रास्तच, पण अहवाल काढताना साडेपाच तास मिळवायचे विसरू नये. रात्रपाळी चालणाऱ्या आपल्या गावात दिवस पहाटे साडेपाचला बदलतो असे दाखवणारा अहवाल मालकाच्या हाती गेला तर त्याचा सगळ्याच आकड्यांवरचा विश्वास उडतो.

आता ब्राउझरकडून काही मदत मिळते काय ते पाहू. पान सोडून जाताना ब्राउझर एक घटना उठवतो, आणि तिच्यावर सर्व्हरला निरोप धाडावा अशी जुनी रीत आहे. परंतु फोनवर वापरकर्ता दुसऱ्या ॲपकडे गेला आणि फोनच्या कार्यप्रणालीने ब्राउझर मागच्या मागे संपवला, तर ती घटना उठतच नाही. त्यातल्या त्यात विश्वासाची खूण म्हणजे पान नजरेआड झाल्याची घटना, आणि तेव्हा पाठवायचा निरोप सेंड-बीकन या सोयीने पाठवावा, कारण पान मिटल्यानंतरही तो जाण्याची शक्यता तिच्यात अधिक असते. मात्र पान ताजे करताना, दुसऱ्या पानावर जाताना, दोन खिडक्यांपैकी एक मिटतानाही असाच निरोप येतो. त्यामुळे त्यावरून सत्र मारू नये. कुलपाची मुदत आखडती घ्यावी आणि पुढची मागणी आली तर ती पूर्ववत करावी, इतकेच. कुकीला मुदत न दिल्यास ब्राउझर मिटताच ती जाते, या समजुतीवरही विसंबू नये, कारण मागच्या खिडक्या पुन्हा उघडून देणारे ब्राउझर अशा कुकी जपून ठेवतात.

वेबसॉकेटची सतत उघडी राहणारी जोडणी असेल तर शेवट अधिक लवकर कळतो, पण तेथेही एक भ्रम आहे. माणसाने खिडकी मिटली तर जोडणी रीतसर बंद झाल्याचा संदेश येतो. वीज गेली तर त्याच्या यंत्राला संदेश पाठवायला अवधीच मिळत नाही, आणि सर्व्हरच्या बाजूला ती जोडणी शाबूत दिसत राहते. लिनक्समध्ये टीसीपीची स्वतःची जिवंतपणाची तपासणी मुळात बंद असते, आणि प्रोग्रामने ती चालू केली तरी दोन तासांच्या मौनानंतर सुरू होते. म्हणून सर्व्हरने स्वतः दर वीस-तीस सेकंदांनी विचारणा पाठवावी, लागोपाठ दोन-तीन विचारणांना उत्तर आले नाही तर जोडणी तुटली मानावी, आणि त्यानंतरही मिनिटभराची सवलत ठेवावी, कारण मनमाडच्या रस्त्यावर धावत्या बसमध्ये बसलेल्या माणसाच्या फोनची जोडणी तुटते आणि जुळते, एवढ्यावरून त्याला बाहेर काढणे योग्य नाही.

कुलपाची गोष्ट अजून पुरी झाली नाही. दोन मिनिटांनी कुलूप सुटले, गोदामातल्या माणसाने तेच बिल उघडून दुरुस्त केले, ट्रक निघून गेला, आणि मग फोनच्या नेटवर्कवर येऊन मुनिमाने आपल्या उघड्या पानावरची जुनी दुरुस्ती जतन केली, तर काय व्हावे? कुलूप सुटल्याचे मुनिमाच्या पानाला माहीत नाही. म्हणून प्रत्येक बिलासोबत आवृत्तीचा क्रमांक असावा, जतन करताना पानाने आपल्याजवळचा क्रमांक दाखवावा, आणि तो डेटाबेसमधल्या क्रमांकाशी जुळला नाही तर सर्व्हरने जतन नाकारावे. नाकारताना मुनिमाने लिहिलेला मजकूर मात्र फेकू नये; तो बाजूला ठेवून, दोन्ही आवृत्त्या त्याला समोरासमोर दाखवाव्यात आणि निर्णय त्याच्यावर सोपवावा. मुदत कितीही शहाणपणाने निवडली तरी ती कधीतरी चुकीच्या माणसावर लागू होणार आहे, आणि तेव्हा त्याचे श्रम वाया जाऊ नयेत याची सोय मुदत ठरवतानाच केली पाहिजे.

हेच तत्त्व सेवा केंद्रातल्या अर्जांना अधिक तीव्रतेने लागू होते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी खेड्यातून आलेला माणूस रांगेत उभा असतो, केंद्रचालक त्याचा अर्ज भरत असतो, एखादा कागद सापडत नाही म्हणून वीस मिनिटे जातात आणि पडद्यावर ‘सत्र संपले’ असे उमटते. सगळा अर्ज पहिल्यापासून. येथे मुदत लांबवणे हा उपाय नाही, कारण तो संगणक सामायिक आहे आणि पुढच्या माणसाच्या हाती मागच्याचे कागद पडता कामा नयेत. उपाय असा, की अर्जाचा मसुदा रकान्यागणिक सर्व्हरवर जपला जावा आणि पुन्हा प्रवेश केल्यावर तो जिथे थांबला तिथून उघडावा. मुदत संपण्यापूर्वी इशाराही द्यावा. वेबच्या सुगम्यतेची जी जागतिक मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांत अशा इशाऱ्यानंतर साध्या एखाद्या कृतीने मुदत वाढवून घेण्यासाठी किमान वीस सेकंद दिले जावेत असे म्हटले आहे. वयस्क माणसांचा विचार केला तर मी दोन मिनिटे देईन.

सुरक्षिततेच्या मुदतीविषयी ओवॅस्प या संस्थेचा सल्ला जोखमीच्या प्रमाणात आहे: पैशाअडक्यासारख्या मोठ्या जोखमीच्या कामांना दोन ते पाच मिनिटे मौनाची मुदत, कमी जोखमीच्या कामांना पंधरा ते तीस मिनिटे, आणि हालचाल अखंड चालू असली तरी एका दिवसाच्या कामाला पुरेल अशी, चार ते आठ तासांची, एकूण मुदत. लॉगआउटची कळ दाबल्यावर ब्राउझरमधली कुकी पुसून भागत नाही. सर्व्हरच्या नोंदवहीत सत्र बंद झाले पाहिजे, नाहीतर ज्याने तो क्रमांक आधीच उतरवून घेतला आहे त्याला दार उघडेच राहते. सामायिक संगणकावर मागे जाण्याची कळ दाबून आधीच्या माणसाचा अर्ज दिसू नये म्हणून ती पाने ब्राउझरने साठवू नयेत असा आदेशही उत्तरासोबत धाडावा. जे लोक सत्राऐवजी जेडब्ल्यूटीची स्वाक्षरीबद्ध पत्रे वापरतात, त्यांच्याकडे सर्व्हरवर नोंदच नसते आणि म्हणून पत्रावरच्या मुदतीपूर्वी शेवट घडवून आणणेही शक्य नसते. त्यांनी पत्राची मुदत काही मिनिटांचीच ठेवावी आणि ते नव्याने देताना मात्र वर सांगितलेल्या नोंदवहीत पाहावे.

हे सर्व बांधून झाले की त्याची परीक्षा खिडकी मिटून घेऊ नये, कारण खिडकी मिटणे हा सर्वांत सभ्य शेवट आहे. मुदत तेवढ्यापुरती एका मिनिटावर आणावी आणि संगणकाची तार खरोखरच काढावी. फोन विमान-स्थितीत टाकावा. राउटर बंद करावा. बिल उघडे असताना सर्व्हरची प्रक्रिया कठोरपणे मारून पुन्हा सुरू करावी. आणि दर वेळी नोंदवहीत कोणते कारण लिहिले गेले, कुलूप किती वेळाने सुटले, लिहिलेला मजकूर परत मिळाला काय, हे पाहावे. शुक्रवारी माग बंद असतात, त्या दिवशी पेढ्यांवरची वर्दळही कमी असते, तेव्हा मालकाला सांगून ही परीक्षा त्याच्याच जागेवर, त्याच्याच तारांवर घेता आली तर उत्तम. अहवाल छापताना, ज्या ओळीत कारण मौनाचे आहे तिच्यात ‘सत्र संपल्याची वेळ’ असा रकाना छापूच नये; त्या जागी शेवटच्या हालचालीची वेळ आणि नोंद बंद केल्याची वेळ असे दोन रकाने द्यावेत.